शालीवरचं डाळिंबाचं फूल

बहिणीच्या पाठीवर रक्त होतं आणि मी म्हणालो, रंग फुटलाय.

इतकी वर्षं मी याला चूक म्हणत आलो. लोकांनाही ती पटायची. माझं कामच तसं आहे. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका मिलमध्ये मी साड्यांवर छापायची डिझाइनं काढतो. कापडावर डाग दिसला की धुलाईत रंग फुटला असणार, हेच अशा माणसाच्या डोक्यात आधी येणार. ऐकणारा मान हलवायचा. मीही हलवायचो.

जानेवारी लागला की आमच्या सुरतेत रस्त्याच्या कडेला खांब उभे राहतात. खांबाखांबांमधून पांढरा दोरा ताणलेला असतो, आणि बोटांना चिंध्या गुंडाळलेली माणसं काचेच्या भुकटीची गुलाबी लगदी मुठीत धरून त्या दोऱ्यावरून पुढे-मागे चालत राहतात. मांजा तयार होत असतो. दिवस कलेपर्यंत चिंध्या भिजून लाल होतात. त्यात रंग किती आणि बोटं किती, ते त्यांनाही सांगता येणार नाही. नदीकाठी पोंकाचे तंबू लागलेले असतात, कोवळी हिरवी ज्वारी भाजल्याचा वास येतो, घराघरांतून उंधियूसाठी ओली लसूण निवडली जाते. थंडीही अशी, की अंगावर घेतली न घेतली तरी चालेल. आणि याच गोड दिवसांत दुचाकीवर बसणारा प्रत्येक जण गळ्याला मफलर आवळून घेतो. आडवा आलेला दोरा दिसत नाही, तो आधी कापतो आणि मग कळतो. तारांवर कबुतरं लटकलेली असतात, एक पंख उघडा, एक मिटलेला. खालून पोरं ओरडत असतात, काप्यो छे! काप्यो छे!

या दिवसांत मला एक चित्र आठवतं. खरं तर ते पावसाळ्यात पाहिलेलं, गणपती बसायच्या आधी. पण माझ्या डोक्यात ते जानेवारीतच टांगलेलं आहे.

आमच्या शहरातल्या संग्रहालयात वरच्या मजल्यावर एक लांबट दालन आहे. कुणा जुन्या पारशी व्यापाऱ्याने इटलीहून जहाजाने आणवलेली तैलचित्रं तिथे आहेत, सगळी एकोणिसाव्या शतकातली. बऱ्याच चित्रांखाली चित्रकाराचं नावसुद्धा नाही. लोक तिथे फार येत नाहीत. पंखा फिरत असतो, त्याच्या वाऱ्याने एका चौकटीवरची सुतळी हलत असते, आणि भिंतीभर माणसं मरत असतात. एका चित्रात घोड्यावरून पडणारे सैनिक आहेत. पडताना एकाचा पाय रिकिबीत अडकलाय आणि घोडा त्याला फरफटवतोय. एकात खांबाला बांधलेला उघडा माणूस आहे, बरगड्यांत बाण घुसलेले. एकात रानडुकराला कुत्र्यांनी धरलंय, आणि त्यातल्या एका कुत्र्याचं पोट डुकराने आधीच फाडलंय. एकात जळतं गाव, आणि विहिरीच्या काठावर पोराला उराशी धरून वाकलेली आई. तिला उडी मारायची आहे की लपायचं आहे, ते समजत नाही. रंग अजून ओले वाटावेत असे. त्या काळच्या इटलीत एकमेकांना मारण्यावाचून माणसांना दुसरं काही कामच नव्हतं, असं वाटावं. ज्या व्यापाऱ्याने ही चित्रं दिवाणखान्यात लावली असतील, तो त्या फरफटणाऱ्या सैनिकाखाली बसून चहा कसा पीत असेल, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. पुढे कळलं, पिता येतो.

मी तिथे चित्रं बघायला गेलो नव्हतो. आमचे शेठ पाहुण्यांना घेऊन संग्रहालय दाखवायला गेले होते, तिथे त्यांना एका चित्रातली शाल आवडली. त्या वर्षी बाजारात परदेशी वळणाच्या वेलबुट्ट्या जोरात होत्या. दुसऱ्याच दिवशी ते मला त्या चित्रापुढे घेऊन गेले.

चित्र असं. शेतकऱ्याचं स्वयंपाकघर. चुलीवर भांडं. जमिनीवर एक बाई पडलेली, तोंड आपल्याकडे नाही, केस मोकळे. तिच्यावर एक पुरुष उभा, हातात कातडी पट्टा, हात पूर्ण वर गेलेला. पट्ट्याचं पितळी टोक चुलीच्या उजेडात चमकतंय. मागे दार अर्धं उघडं आहे आणि दारात आणखी एक माणूस, टोपी हातात धरून. आणि सगळ्यांच्या पुढे, अगदी आपल्या पायाशी आल्यासारखी, त्या बाईची शाल पसरलेली. काय शाल होती! डाळिंबाची वेल, पानं अशी वळलेली की प्रत्येक पानाची पाठ आणि पोट दोन्ही दिसावं. झालरीचा एकेक धागा वेगळा.

शेठ चष्मा कपाळावर चढवून जवळ गेले. "आ बॉर्डर जो ने! वीस साड्यांचा माल आहे यात."

"आणि ही माणसं?" मी विचारलं, आपलं उगाच.

"माणस काढी नाख, फूल राख," शेठ म्हणाले, माणसं काढून टाक, फूल ठेव, आणि स्वतःच हसले. मीही हसलो.

फोटो काढायला मनाई होती. म्हणून मी स्टुलावर बसून ती शाल कागदावर उतरवून घेतली. दिवसच्या दिवस बसलो. आमच्या कामाची एक सवय असते. डोळा कापडावर गेला की त्यात पुन्हा पुन्हा येणारा तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, तेवढंच शोधत राहतो. तो सापडला की बाकी सगळं पुसलं जातं. बाईचा खांदा मला शालीच्या मध्ये आलेली अडचण वाटायचा. तिच्या खांद्याखाली वेल कशी गेली असेल, ते मला अंदाजाने भरावं लागत होतं, आणि मी मनातल्या मनात तिच्यावर वैतागत होतो. खांद्याजवळ एक गडद लाल ठिपका होता. त्याला पाकळ्या नव्हत्या. मी त्याला पाकळ्या काढल्या आणि डाळिंबाचं फूल केलं.

पहारेकरी काका एकदा पाठीमागे येऊन उभे राहिले. माझा कागद पाहिला, चित्र पाहिलं. "आ बाईने तो तमे काढीज नाखी," म्हणाले. या बाईला तर तुम्ही काढूनच टाकलंत.

"तिचं काम नाही इथे," मी म्हणालो.

माझ्या बहिणीचं नाव नंदा. माझ्यापेक्षा बरीच लहान. आम्ही मूळचे खानदेशातले. वडील लूमवर काम करायला इथे आले आणि इथलेच झाले. घरात आम्ही अहिराणी बोलतो. पुस्तकी मराठी मी शाळेत शिकलो आणि नंदाने तिची कायम टिंगल केली. "आलं मोठं मास्तर," म्हणायची. तिचं लग्न मी ठरवलं. मुलगा प्रकाश, आमच्याच समाजातला, आमच्याच मिलच्या छपाईखात्यात. दिसायला नीटस, बोलायला गोड. वडील गेलेले, आई आजारी, त्यामुळे सगळं मीच पाहिलं, आणि पाहिलं याचा मला अभिमान होता. लग्नानंतर नंदाच्या दंडावर कधी निळं दिसायचं, कधी ओठ सुजलेला. ती म्हणायची, नळावर पडले. मी म्हणायचो, जपून चालत जा.

संक्रांतीचा आदला दिवस, भोगी. माझी बायको रंजना तिळाचे लाडू वळत होती. दुसऱ्या दिवशी आमच्या गच्चीवर शेठ सहकुटुंब येणार होते, पहिल्यांदाच. डिझाइनखात्याचा मुख्य कोणाला करायचं ते ठरायचं होतं, आणि घरी येतो म्हणाले याचा अर्थ मी माझ्या परीने लावला होता. गच्ची धुऊन झाली होती, भाड्याचे स्पीकर येऊन पडले होते. अशात दुपारी नंदा आली. हातात पिशवी, त्यात चार कपडे. मला पिशवी दिसली. पिशवी मला लगेच दिसली.

तिने स्वेटर काढून ठेवला आणि रंजनाशेजारी बसून लाडू वळायला लागली. गूळ चटका देत होता, दोघी बोटांवर फुंकर मारत होत्या. मी मागून पाणी प्यायला गेलो आणि मला तिची पाठ दिसली. खांद्याखाली, पदरावर, तळहाताएवढा लाल डाग. कडेने काळपट होत चाललेला. मी वाकलो. अंगठ्याने चाचपलं. कापड तिथे ताठ झालं होतं.

"रंग फुटलाय बघ," मी म्हणालो. "कुठे धुतलीस ही साडी?"

रंजनाचा हात थांबला. नंदाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिचा डावा डोळा जरा लहान झाला होता. बराच वेळ तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्यावर काही लिहिलंय आणि ते वाचायला तिला वेळ लागतोय, असं.

"फुटना व्हई," ती म्हणाली. फुटला असेल.

रंजना मला दारापाशी घेऊन गेली. "अहो, तिला राहू द्या आजच्या दिवस."

"उद्या कोण येणार आहे, माहीत आहे ना तुला? आणि तो दारू पिऊन मागोमाग आला तर? गच्चीवर तमाशा करायचाय?"

मग मी नंदापाशी बसलो आणि खूप समजूतदारपणे बोललो. संसारात होतं असं. सण आहे, सणाला घर सोडून येऊ नये. डब्यात लाडू भरले, तिच्या पिशवीत कपड्यांवर ठेवले. "त्याच्या हातावर तिळगूळ ठेव. गोड बोल. सगळं ठीक होईल."

ती उठली. स्वेटर घातला. तो डाग झाकला गेला आणि मला बरं वाटलं.

उत्तरायणाच्या दिवशी सुरत जमिनीवर नसते. सगळं शहर गच्च्यांवर जाऊन बसतं. दर गच्चीवर स्पीकर, दर स्पीकरवर वेगळं गाणं, आणि त्यावर ताण करून माणसांच्या आरोळ्या. शेठनी दोन वेळा उंधियू मागून घेतला. शेठाणींना आमची तिळाची चटणी आवडली. मी पतंग काटला तेव्हा शेठनी स्वतः थाळी वाजवली. फोन खिशात वाजत होता, तो मला ऐकू आला नाही. हे मात्र खरं आहे, तो खरंच ऐकू आला नाही.

तिकडे, नवागाममध्ये, नंदाच्या चाळीच्या गच्चीवर, प्रकाशने लाडवांचा डबा फेकून दिला. भावाकडे जाऊन काय सांगून आलीस, म्हणून विचारलं. तिने सांगितलं, काही नाही सांगितलं. ते खरं होतं, पण त्याला पटलं नाही. फिरकीतला मांजा त्याने तिच्या उजव्या हाताला गुंडाळला, बोटांच्या मुळाशी, आणि फिरकी धरून ओढत राहिला. ती ओरडत होती. शेजारच्या गच्चीवरची पोरंही ओरडत होती. कोणाचं ओरडणं कशाचं, ते त्या दिवशी कोणी वेगळं काढत नाही. नंदा जिला टेकली होती त्या पाण्याच्या टाकीकडे समोरच्या गच्चीवरच्या एका बाईचं लक्ष गेलं. टाकीवरून लाल पाणी वाहत होतं. ती बाई धावली. माझ्यासारखी तिला रंगांची माहिती नव्हती.

दवाखान्यात मी पोचलो तेव्हा नंदाचा हात कोपरापर्यंत बँडेजने पांढरा होता. दोन बोटांच्या शिरा तुटल्या होत्या, आता ती वळणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. परिचारिका पाठीवरच्या जखमेला पट्टी करत होती. पट्ट्याचं टोक लागल्याची खूण, चौकोनी. मी खाटेजवळ उभा राहिलो. माझ्या कपड्यांना उंधियूचा वास येत होता.

"मला कळलंच नाही गं," मी म्हणालो. "मला वाटलं, रंग फुटलाय."

"हां," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं.

ही माझी पहिली माफी. ती लोकांनीही ऐकली आणि त्यांना ती पुरली.

त्यानंतर मी जे केलं, त्याने तर मी समाजात मोठाच झालो. प्रकाश लूमच्या एका खोलीत लपला होता. गल्लीतल्या चौघांना घेऊन मी गेलो. यंत्रं चालू होती, खटाखट खटाखट, त्या आवाजात माणूस माणसाला काही सांगू शकत नाही. मी त्याला केसांना धरून भिंतीवर आपटलं. घरून निघताना उचललेली फिरकी माझ्या हातात होती, तिच्या दांड्याने मी त्याच्या तोंडावर मारलं, दांडा मोडला, मग मुठीने मारलं. त्याचा दात माझ्या बोटात रुतला. तो काहीतरी ओरडत होता. तोंड हलताना दिसत होतं, आवाज यंत्रांत जात होता. चौघं दमून थांबले तरी मी थांबलो नाही. आणि मला आनंद झाला, हे मला इथे लिहिलं पाहिजे. ऊर हलका झाला, हात गरम, सगळं अगदी सोपं. वर गेलेला माझा हात मला क्षणभर बाहेरून दिसल्यासारखा झाला, आणि तो कुठेतरी आधी पाहिलाय असं वाटलं. पण तेव्हा मी तो खाली आणला, आणि पुन्हा वर नेला.

"भाऊ असावा तर असा," लोक म्हणाले. शेठनीसुद्धा पाठीवर थाप मारली, "सारू कर्यू." मी मुख्य डिझायनर झालो. पोलिसांत केस झाली, तारखा पडल्या, सुटल्यावर प्रकाश गावाकडे निघून गेला. पाठीवरच्या डागाबद्दल मला पुन्हा कोणी विचारलं नाही. इतक्या जोरात मारणाऱ्या भावाला कोण विचारणार?

एकट्या नंदाने विचारलं. माझ्या बोटाच्या पट्टीकडे बघून म्हणाली, "तू त्याले मारं?"

"मारलं. चांगलं मारलं."

"कसाले?" का?

तिच्यासाठी, असं तोंडावर आलं होतं. पण ती समोर बसली होती.

मग मी पुन्हा संग्रहालयात गेलो. का गेलो, सांगता येत नाही. वर गेलेला तो हात कुठे पाहिला होता, ते आठवल्यावर बसवलं नाही बहुतेक. या खेपेला कागद नेला नव्हता. कागद नसला की मला कसं बघायचं ते कळेना. आधी हात पाहिला. माझाच खांदा, माझंच कोपर. मग बाई पाहिली, पहिल्यांदाच. मग वाकून तो लाल ठिपका पाहिला, ज्याला मी पाकळ्या काढल्या होत्या. तो शालीवरून खाली आला होता, झालरीपर्यंत. झालरीच्या एका धाग्याला टोकाशी थेंब लोंबत होता. फुलं अशी लोंबत नाहीत.

आणि तेव्हा, त्या पंख्याखाली, मला भाऊबीज आठवली. म्हणजे विसरलो नव्हतोच. पण तिच्यावर मी काहीतरी पांघरून ठेवलं होतं, ते सरकलं.

नंदाच्या अंगावरची साडी माझ्या त्याच डिझाइनची होती. इटलीतल्या त्या शालीची. दिवाळीच्या मालात ती छापली आणि पहिल्या गाठोड्यातली एक मी भाऊबीजेला तिच्या ओवाळणीच्या ताटात टाकली. तिने उलगडली, खांद्यावर धरली आणि तोंड वाकडं केलं.

"यामा लाल कसं नही रे, दादा? भाऊबीजनी साडी लाल पाहिजे."

"लाल या वर्षी चालत नाही. शेठनी काढून टाकलं. हिरवं, निळं आणि सायीचा रंग. बघ कशी शांत दिसते."

"वहिनीले लाल, आन माले शांत!" ती म्हणाली. रंजना खो खो हसली. मी तिला ऐटीत समजावलं होतं, प्रत्येक रंग छापायची जाळी वेगळी असते, या साडीला लालाची जाळीच नाही, शोधलंस तरी लालाचा एक ठिपका सापडायचा नाही यात.

हे मी तिला सांगितलं होतं. माझ्या तोंडाने. ज्या कापडात लाल नाही, त्यातून लाल फुटणार कुठून? मी अंगठ्याने चाचपलं तेव्हा मला ते माहीत होतं. रंग वाळून ताठ होत नाही. त्याला लोखंडाचा वास येत नाही. मला सगळं त्याच क्षणी कळलं होतं, आणि कळल्यावरच मी तोंड उघडलं होतं. तिलाही माहीत होतं की मला कळलंय. म्हणून तर ती एवढा वेळ बघत राहिली. मी खोटं किती बोलू शकतो, ते ती बघत होती.

त्यानंतर दर जानेवारीत मी त्या दालनात जाऊन उभा राहतो. काकांच्या जागी आता दुसरा पहारेकरी आहे, तो मोबाइलवर क्रिकेट बघतो. मी दारातल्या माणसाकडे बघतो. टोपी हातात, एक पाय उंबरठ्यावर. तो बाईकडे बघत नाही, पुरुषाकडेही बघत नाही. त्याची नजर खाली शालीवर आहे. चित्रकाराने ती अगदी नेमकी तिथे ठेवली आहे. हा माणूस आत येतोय की बाहेर जातोय, ते मला कधी ठरवता आलं नाही.

नंदा आता नवागाममध्येच एका खोलीत राहते. साड्यांना खडे आणि टिकल्या लावते. न वळणारी दोन बोटं ती कापडावर दाबून धरते, पट्टी ठेवावी तशी, आणि उरलेल्या बोटांनी खडा बसवते. तिला ओळीत एकही खडा वाकडा चालत नाही. दर भाऊबीजेला मी तिला लाल साडी देतो. ती घेते, ओवाळते, घडी न मोडता ट्रंकेत ठेवते. एकही नेसलेली मी पाहिली नाही. आम्ही बोलतो, हसतोही. ती मला अजून मास्तर म्हणते. पण त्या दुपारबद्दल आम्ही एक शब्द काढत नाही, आणि तिच्या घरात माझी पाठ कायम दाराकडे असते.

या वर्षी भोगीला मी तिच्याकडे लाडू घेऊन निघालो. पुलाच्या उतारावर गळ्यापाशी काहीतरी गार लागलं. मी गाडी थांबवली, दोरा झटकला, मफलर जरा खाली सरकला होता तो वर ओढला आणि निघालो. फार काही झालंय असं वाटलं नाही. नंदाने दार उघडलं आणि अजून मी "कशी आहेस" म्हणायच्या आत किंचाळली.

"दादा, रगत! तुना गळाले रगत शे!"

मफलर मरून रंगाचा होता. त्यावर काहीच दिसत नव्हतं. तिला दिसलं.

मला ओढून तिने पलंगावर बसवलं, मफलर सोडला, हळद आणली, आणि त्या दोन ताठ बोटांनी माझ्या गळ्यावर दाबून धरली. चरा साधाच होता. पण ती शिव्या देत होती, मांजावाल्यांना, पोरांना, मला. "डोया शेतस का बटन? गळा कापाई जाता ना आते!" डोळे आहेत का बटणं, गळा कापला गेला असता ना आता. मी तिच्याकडे बघत होतो. तिला विचार करावा लागला नव्हता. लाल दिसलं आणि ती रगत म्हणाली. इतकं ते सोपं होतं.

"नंदा, माझ्याबरोबर चल," मी म्हणालो. "एक चित्र दाखवायचंय."

"चित्र? गळा फाटना तुना, आन चित्र?"

"चल तर."

"येस. पन येतांना पोंक खावाडजो." येते, पण येताना पोंक खायला घाल.

दालनात ती चपला काढायला लागली, मी थांबवलं. सैनिकांकडे पाहून "बापरे" म्हणाली, बाणवाल्याकडे पाहून "हाऊ कोना देव?" म्हणाली. फरफटणाऱ्या माणसाला बघून घोड्याची कीव केली. मग मी तिला त्या चित्रापुढे उभं केलं आणि बाजूला झालो.

ती चित्राच्या जवळ सरकली. मला वाटलं, हा दुसरा मार मी तिला देतोय. हिला इथे आणायला नको होतं.

"दूध उतू चालनं देख," ती म्हणाली.

चुलीवरच्या भांड्याच्या काठावरून पांढरं ओघळत होतं. एवढी वर्षं मी ते पाहिलं नव्हतं.

"कोनंच ध्यान नही," ती म्हणाली. मग शाल पाहिली. हसली. "हाई तर मनी साडी." ही तर माझी साडी.

"हो."

"आन हाऊ? दारमा कोन शे?"

"माहीत नाही. नाव लिहिलेलं नाही."

तिने मान तिरकी केली, खडा सरळ बसलाय का बघते तशी. "घरमा येस का बाहेर जास तो?"

पंखा फिरत होता. पहारेकऱ्याच्या मोबाइलवर कोणीतरी बाद झालं.

"नंदा," मी म्हणालो. "त्या साडीत लाल नव्हतं."

ती चित्राकडेच बघत राहिली. "माले माहीत व्हतं," म्हणाली, हळू. "तू माले सांगेल व्हतं."

मला पुस्तकी मराठीत पुढे बोलता येईना. त्या भाषेत मी तिला दवाखान्यात जे सांगितलं होतं, ते अजून तोंडात होतं. मी घरच्या भाषेत बोललो, आई वापरायची त्या.

"माले दिसनं व्हतं, नंदा. रगतच दिसनं व्हतं. मी चुकनू नही. मी खोटं बोलनू, आन तुले परत धाडी दिधं. मी तुनी माफी मांगस."